गिटारचा नवा डबा : परीक्षा मंडपातच घ्या

मंडपाचे कापड पोचवायला आम्ही वडसा, ब्रह्मपुरीकडे जातो. दिवाळीनंतर तेथे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. पुढे लग्नांचे ऑर्केस्ट्रे. यंदा दोन गिटारवाल्यांत खल चालला होता : जुना जड अँप्लिफायर विकून नवे डिजिटल मॉडेलर घ्यावे काय?

हे यंत्र म्हणजे लहानसा डबा. नाना अँप्लिफायर व स्पीकर यांच्या आवाजाची नक्कल तो गणिताने करतो. तार थेट मिक्सरला जाते. १९९८ च्या लाइन सिक्स पॉडपासून २०२४ च्या नॅनो कॉर्टेक्सपर्यंत जिन्नस बराच सुधारला. ओझे वाचते, हा नफा खराच.

पण आम्ही कापडवाले. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग उन्हात वेगळा निघतो, हे नुकसान सोसून शिकलो. तसेच घरी हळू आवाजात जमवलेला सूर मंडपात मोठा केला की खर्ज घुमतो, वरचा सूर टोचतो. कानाचा धर्मच तसा. डबा अँप्लिफायरलाच जोडायचा असेल तर त्यातील स्पीकरची नक्कल बंद करावी, नाहीतर आवाज दबतो.

म्हणून कारागीर बांधवांनो, हंगामाची उचल एकदम या डब्यात घालू नका. ओळखीच्याकडून एका रात्रीपुरता आणा, जनरेटरच्या विजेवर, भरल्या मंडपात वाजवून पाहा. घेतलाच, तरी पहिला हंगाम निघेपर्यंत जुना अँप्लिफायर विकू नका. मध्यरात्री डबा बंद पडला तर दुरुस्तीवाला दूर शहरात, आणि प्रेक्षक समोर बसलेले असतात. पुढची सुपारी त्या रात्रीवरच ठरते.