वाफसा म्हणजे मुळांचा श्वास



साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत यंत्राने पाणी सारखे घुसळतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. पाण्यात हवा मिसळावी, त्या हवेवर जिवाणू जगावेत आणि त्यांनी पाण्यातली घाण खाऊन टाकावी, एवढ्यासाठी ही घुसळण. प्रेसमडचे कंपोस्ट वर-खाली करतात तेही हवेसाठीच. याला ‘एरेशन’ म्हणतात, म्हणजे हवा खेळती ठेवणे. आपल्या रानालाही हेच लागते, आणि त्यासाठी आपला जुना शब्द आहे वाफसा.

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. चांगल्या जमिनीत साधारण निम्मी जागा या पोकळ्यांची. त्यांत अर्धे पाणी आणि अर्धी हवा असली म्हणजे रान वाफशावर आले. मुळे प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. सरीत पाणी साचून राहिले की पोकळ्यांतली हवा निघून जाते. प्राणवायू हवेत जसा पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यातून सरकतो. म्हणून जमिनीतला प्राणवायू एक-दोन दिवसांतच संपत येतो. मग मूळ पाण्यात असूनही त्याला पाणी ओढता येत नाही. ऊस पिवळा पडतो. आपण म्हणतो, “खत कमी पडलं,” आणि आणखी युरिया टाकतो. पण गुदमरलेल्या जमिनीत बराचसा नत्र वायू होऊन उडून जातो. पैसाही गेला आणि पीकही.

कोणी विचारील, “मग आपल्या पश्चिम भागात भात पाण्यात कसा उभा राहतो?” भाताच्या अंगात पानापासून मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. उसाला तेवढी सोय नाही.

कुकडी प्रकल्पातील येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला. पण पुढचे आवर्तन कधी मिळेल या धास्तीने, मिळाले की पाणी सोडून द्यायचे, ही सवयही लागली. भारी काळ्या रानात पाणी सावकाश मुरते. निचरा नसला की क्षार वर येतात, जमीन खारवट आणि पुढे चोपण होते. आपल्याच जिल्ह्यात नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे त्याखालच्या कितीतरी जमिनी पाणथळ, खारवट झाल्या. तो धडा आपण घ्यावा.

वाफसा ओळखणे सोपे आहे. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. हाताला पाणी लागले तर रान अजून ओले आहे. गोळा होऊन खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच झाला नाही, तर पाणी द्यायची वेळ झाली.

हवा खेळती राहावी म्हणून एवढे करावे :

1. भारी जमिनीत सरी रुंद, 4 ते 5 फुटांची ठेवावी.

2. पाचट जाळू नये. शेणखत, ताग किंवा धैंचा द्यावा. त्याने माती भुसभुशीत होते आणि गांडुळे वाढतात.

3. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नये. तोडणीच्या आधी पाणी वेळेवर तोडावे, नाहीतर भरलेल्या ट्रॉलीखाली खोडव्याचे रान दाबून घट्ट होते.

4. बांधणी वाफशावरच करावी.

5. ठिबक आहे म्हणून रोज कॉक उघडू नये. माती पाहून पाणी द्यावे.

6. रानाच्या उताराला निचऱ्याचा चर काढावा.

शेवटच्या कामात मात्र एकट्याचे चालत नाही. वरच्याने सोडलेले जादा पाणी खालच्याच्या रानात उपळते. चर बांधावर येऊन थांबला, तर भांडण तेवढे वाढते. म्हणून बांधाला बांध लागलेल्या सभासदांनी उन्हाळ्यातच एकत्र बसावे आणि चर थेट ओढ्यापर्यंत न्यावा. कारखाना आपण सहकारातून उभा केला. चारसहा जणांचा एक चर काही त्याहून अवघड नाही.