बाई की बाप्या? हाडं काय सांगतात

तिसगाव-पाथर्डीकडच्या माणसाला नेवासं म्हटलं की ज्ञानेश्वरांचा पैस खांब आठवतो. त्याच नेवाशात 1954 ते 56 या काळात डॉ. हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली निघाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या मडक्यांत. त्यातल्या एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. माळ दिसली की आपण ‘मुलगी’ म्हणून मोकळे होतो. हाडं मात्र याला दुजोरा देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. वयात येण्याआधी मुलगा-मुलगी यांच्या सांगाड्यात भरवशाचा फरक नसतोच.

फरक पडतो तो वयात आल्यावर, आणि सगळ्यात ठळक कमरेच्या हाडात. बाळाचं डोकं बाहेर पडायला बाईच्या कटीतून वाट मोकळी लागते. म्हणून पुढे दोन्ही हाडं जुळतात तिथली खालची कमान बाईत रुंद, काटकोनाच्या आसपास किंवा त्याहून मोठी, पुरुषात अरुंद. मागच्या बाजूला, जिथून पायाकडे जाणारी जाड नस उतरते, तिथे हाडाला एक खाच असते. जाणकार तिच्यात सरळ अंगठा घालून बघतात. अंगठा सैल हलला तर बहुधा बाई, घट्ट बसला तर बहुधा पुरुष. कटी अखंड असेल तर सरावलेल्या माणसाचा अंदाज शंभरात पंचाण्णवच्या आसपास बरोबर येतो.

कवटीचा नंबर त्यानंतर लागतो. भुवयांवरचा उंचवटा, कानामागचं हाड, मानेचे स्नायू धरणारी मागची खडबडीत रेघ, हनुवटी हे सगळं पुरुषात सहसा ठसठशीत असतं. ‘सहसा’ हा शब्द इथे फार मोलाचा. वय वाढलं की बाईची कवटीही रांगडी होत जाते. 1972 मध्ये केनेथ वाइस या अमेरिकी अभ्यासकाने जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांचे सांगाडे संशय यावा इतके जास्त निघाले. मधल्यामध्ये असलेलं हाड अभ्यासक पुरुषाच्या खात्यात टाकत होते! मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचं मापही घेतात. पण युरोपी माणसांवरून बांधलेलं कोष्टक आपल्या लहान चणीच्या माणसांना लावलं, तर कित्येक पुरुष बायका ठरतील.

सोबत पुरलेल्या वस्तूंवर भिस्त ठेवली तर काय होतं, ते स्वीडनमधल्या बिर्का इथे दिसलं. 1878 मध्ये तिथे शस्त्रं आणि दोन घोड्यांसह पुरलेला योद्धा सापडला. शस्त्रं आहेत म्हणजे पुरुषच, हे शतकभर गृहीत धरलं गेलं. 2017 मध्ये डीएनएने ती बाई असल्याचं दाखवलं. आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या इनामगावात चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक माणूस मिळाला. इतर मोठ्यांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले, याचे शाबूत. रांजण आणि तो ज्या घरात मिळाला ते घर यांवरून तो गावचा प्रमुख असावा असा तर्क झाला, पण साधारण चाळिशीचा पुरुष हा निर्णय हाडांवरून झाला. मला हीच शिस्त योग्य वाटते. मान ठरवायला रांजण चालेल, देह ठरवायला देहच हवा.

मग सगळीकडे डीएनए का नाही काढत? आपल्या उन्हापावसात तो टिकत नाही. डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणातल्या राखीगढीत साठेक सांगाड्यांचे नमुने तपासले, तेव्हा कामापुरता डीएनए मिळाला तो एकाच बाईचा. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी आशा आहे ती दातांवरच्या चकचकीत थरात. त्यातलं एक प्रथिन एक्स आणि वाय गुणसूत्रांवर थोडं वेगळं लिहिलेलं असतं आणि ते डीएनएपेक्षा चिवट असतं. वाय जातीचा अंश सापडला की मुलगा. माळेतल्या लेकरासारख्यांची उत्तरं निघाली तर याच वाटेने निघतील.

आपल्या भागात गावोगावी जुनी पांढर आहे आणि तिची माती शेतात टाकायला नेतात. खोदताना हाडं लागली, तर तेवढी कवटी उचलून घरी आणू नका. कमरेचं पुढचं पातळ हाड आधी तुटतं आणि खरं उत्तर तिथेच असतं. सांगाडा जागच्या जागी झाकून ठेवा आणि पोलीस पाटलांना कळवा.