निल्सची गोष्ट आणि तात्पर्याचा प्रश्न

वाचनाच्या तासाला सांगितलेल्या गोष्टीचे तात्पर्य शेवटी मुलांस सांगावे किंवा नाही, हा प्रश्न शाळाभेटीच्या वेळी शिक्षकबंधुभगिनींकडून वारंवार विचारला जातो. ह्या प्रश्नाचा विचार करताना एका स्वीडिश बालकथेचा फार उपयोग होईल. कारण ती शाळेतील वाचनपुस्तक म्हणूनच लिहिली गेली.

१९०२ साली स्वीडनमधील शिक्षकांच्या संघटनेने सेल्मा लागरलोव्ह ह्या लेखिकेस विनंती केली, की प्राथमिक शाळेतील मुलांना आपल्या देशाची ओळख होईल असे पुस्तक लिहून द्यावे. लागरलोव्ह ह्यांनी स्वतः लान्स्क्रोना येथील मुलींच्या शाळेत १८८५ ते १८९५ पर्यंत अध्यापन केले होते. नुसती माहिती दिली तर मुले कंटाळतील, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी भूगोल एका वात्रट मुलाच्या पाठीवर लादला! हे पुस्तक १९०६ व १९०७ साली दोन भागांत प्रसिद्ध झाले. पुढे १९०९ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

कथानायक निल्स होल्गरसन हा चौदा वर्षांचा मुलगा. खाणे, झोपणे आणि खोड्या काढणे एवढेच त्याचे उद्योग. एका रविवारी आईबाप प्रार्थनेस गेले असता त्याला घरात वीतभर उंचीचा एक बुटका दिसतो. तो त्या घराचा रक्षक असतो. आपल्या कोकणातील राखणदाराशी त्याचे थोडे नाते जुळते. निल्स त्याला जाळीत पकडतो. सुटकेच्या मोबदल्यात बुटका काही मौल्यवान वस्तू देऊ करतो. निल्स कबूल होतो. पण आणखी मागितले असते तर बरे, असे वाटून तो जाळी पुन्हा हलवतो. तोच कानशिलात एक सणसणीत चपराक बसते आणि निल्स स्वतःच अंगठ्याएवढा होतो.

आता त्याला पशुपक्ष्यांची भाषा कळू लागते, आणि खरी गंमत येथेच आहे. चिमण्या व कोंबड्या त्याची फजिती पाहून आनंदाने कलकलाट करतात. मांजर शेपूट ओढल्याचा हिशेब मागते. कानात गांधीलमाशी सोडल्याची आठवण गाय देते. शिक्षा कोणी सुनावत नाही; फक्त ज्यांना त्याने छळले त्यांच्याहून तो लहान झाला आहे. मुले पोट धरून हसतात, आणि हसता हसताच निल्सच्या जागी स्वतःला पाहतात.

पुढे घरचा पांढरा हंस रानहंसांबरोबर उडू लागतो. आईबापांचे नुकसान होऊ नये म्हणून निल्स त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि आकाशात जातो. थव्याच्या वृद्ध नायिकेचे नाव अक्का! हे नाव ऐकताच आपल्या मुलांना घरची अक्का आठवेल. वरून पाहताना दक्षिणेकडील स्कोने प्रांताची शेते चौकड्यांच्या कापडासारखी दिसतात. नकाशा वाचण्याचा पहिला पाठ तो हाच. तेथून थेट लॅपलँडपर्यंत प्रवास होतो. वाटेत लोखंडाच्या कारखान्यापाशी एक अस्वल कारखान्याला आग लावण्याची आज्ञा करते. न ऐकल्यास जिवाशी गाठ. ह्या लोखंडावर कितीएक गरिबांची भाकरी अवलंबून आहे हे जाणून निल्स नकार देतो. देशातील उद्योगधंद्यांची माहिती अशी कसोटीच्या प्रसंगातून येते. म्हणून ती मनात राहते.

मनुष्यरूप परत मिळण्याची अट कठीण असते: हंस घरी आणावा आणि आईच्या हातून तो कापला जावा. निल्सला हे मान्य नसते. घरी परतल्यावर आपले खुजे रूप दाखविण्याची त्याला लाज वाटते. परंतु पकडल्या गेलेल्या हंसाची आर्त हाक ऐकून तो ती लाज विसरतो, दार ठोठावतो, आणि त्याच क्षणी पूर्ववत मोठा होतो.

येथे शिक्षकाने थांबावे. “म्हणून मुलांनो, प्राण्यांना छळू नये” असे म्हणताच निल्स नाहीसा होतो आणि गुरुजी तेवढे उरतात. सांगून आलेले शहाणपण वहीत राहते. स्वतः शोधलेले अंगवळणी पडते. त्याऐवजी मुलांना प्रश्न विचारावेत: तुम्ही अंगठ्याएवढे झालात, तर गोठ्यातील कोण तुमच्याकडे हिशेब मागेल? हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस उजनी व जायकवाडीच्या जलाशयांवर येतात. त्यांच्या पाठीवर बसून आलात, तर वाटेत कोणत्या नद्या लागतील? वरून आपल्या गावाचे शिवार कसे दिसेल? उत्तरे नकाशावर बोट ठेवून द्यावीत, किंवा जमिनीवर खडूने काढावीत.

पहिल्या प्रश्नावर वर्गात हशा पिकेल. हशा ओसरल्यावर एखादे मूल गप्प बसलेले दिसले, तर त्याला कारण विचारू नये. त्याचे तात्पर्य त्याला सापडले आहे, असे समजावे.