पाण्याचाही जमा-खर्च



ऑपरेशन झालं, माणूस घरी आलं, की संकट टळलं असं आपण धरून चालतो. पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीच्या ऑपरेशनात मात्र घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवसच डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे असतात. आज त्याविषयी बोलू या.

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी असते. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. थायरॉइडला, बीजकोशांना, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना काम सांगणारी हीच. अंगात पाणी किती राखायचं, हा हुकूमही तिच्या मागच्या भागातून सुटतो. तिथल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. ऑपरेशन बहुधा नाकातून होतं. बाहेर जखम दिसत नाही, म्हणून घरच्यांना ते किरकोळ वाटतं. पण ग्रंथीला धक्का बसलेला असतो, आणि त्यातून तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली गोष्ट एक-दोन दिवसांतच दिसते. पाणी राखणारं संप्रेरक कमी पडतं. लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होते, तहान भागत नाही. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, पण साखरेच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच जणांचा हा त्रास काही दिवसांत थांबतो. काहींना डेस्मोप्रेसिन हे औषध लागतं.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी, आणि ती साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात येते. तेच संप्रेरक जास्त सुटतं, लघवी कमी होते, पाणी अंगात साठतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. रिपोर्टमध्ये ते १३५ ते १४५ असायला हवं. उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. फार उतरलं तर माणूस असंबद्ध बोलतं, झटकेही येतात. तोवर पेशंट बहुधा घरी आलेला असतो. धोका आहे तो इथेच.

तिसरी गोष्ट कॉर्टिसॉल कमी पडण्याची. त्याने गळून जायला होतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. म्हणून स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर ती मनाने कधीही बंद करायची नाही. ताप किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

हे कोणाला होणार, ते आधी सांगता येतं का? डॉक्टर अंदाज बांधतात. गाठ मोठी असेल, ग्रंथीच्या देठाला चिकटलेली असेल, ऑपरेशनच्या वेळी मेंदूभोवतालचं पाणी गळलं असेल, तर जास्त लक्ष ठेवतात. ऑपरेशननंतर सकाळचं कॉर्टिसॉल तपासतात. पण छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. लहान गाठ असलेल्या बाईचंही सोडियम उतरू शकतं. म्हणून अंदाजाला मोजमापाची जोड हवी.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या कार्डावर सातव्या दिवशी सोडियम तपासायला लिहिलं होतं. घरचे म्हणाले, "चांगली हिंडते-फिरते आहे, कशाला तालुक्याला हेलपाटा?" ताईंची तक्रार एवढीच, की जेवण नको वाटतं. गटातल्या दोघी त्यांना घेऊन गेल्या. रिपोर्ट आला १२७. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि सोडियम वर आलं. झटके येईपर्यंत थांबावं लागलं नाही.

बचत गटाची वही आपण ठेवतोच. तशीच ही वही ठेवा. दिवसभरात किती प्यायलं, ते लिहा. चहा, ताक, पेज सगळं त्यात धरा. लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहा. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करा. जमेपेक्षा खर्च फार झाला, म्हणजे दिवसाला तीन लिटरच्या वर लघवी गेली, तर फोन करा. लघवी कमी होऊन वजन भराभर वाढलं, तरी फोन करा. असंबद्ध बोलणं किंवा झटके दिसले तर फोनची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

अशक्तपणा आला म्हणून "पाणी पी, नारळपाणी घे" असा आग्रह आपल्याकडे मायेने होतो. सोडियम उतरलेलं असताना तो घातक ठरतो. काही ठिकाणी पहिला आठवडा दिवसाला एक ते दीड लिटरच पाणी सांगतात. पण लघवी भरपूर होत असताना पाणी तोडणंही तितकंच वाईट. मिठाचं पाणीही मनाने देऊ नका. म्हणून घरी निघण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरं कार्डावर लिहून घ्या: पाणी किती प्यायचं? सोडियम कोणत्या दिवशी तपासायचं? रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा?

आणि तपासणीच्या दिवसाचं गाडीभाडं आधीच बाजूला काढून ठेवा. पैशासाठी अडलं, तर गट आहेच.