लहान करताना काय लहान होत नाही?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभा केलेला लाकडी नंदी दोरीने ओढत मुले रस्त्यावर येतात. चंद्रपूर-गडचिरोली हा तर सागाचा मुलूख. या नंदीचे पाय एकदा नीट पाहावेत. खऱ्या बैलाच्या मानाने ते बरेच जाड असतात. ज्या सुताराने जन्मभर बैल पाहिले, त्याला बैलाचा पाय ठाऊक नाही असे कोण म्हणेल? मग त्याने पाय जाड का ठेवले?

हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या खेळण्याच्या बाबतीत विचारता येतो. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून शर्यतीची किंवा स्पोर्ट्स मोटार जुळवण्याचे संच मिळतात. मोटारींसाठी १:२४ हे प्रमाण रूढ आहे. एका फुटाला अर्धा इंच, असा त्याचा सरळ हिशेब. पोर्शे ९११ ही १९६० च्या दशकातली प्रसिद्ध मोटार सुमारे ४१६ सेंटिमीटर लांब होती. तिची १:२४ प्रतिकृती साडेसतरा सेंटिमीटरला थोडी कमी भरते, म्हणजे कंपासपेटीहून जरा लहान.

लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी २४ पटींनी कमी झाली. मग पृष्ठभाग २४ × २४ म्हणजे ५७६ पटींनी कमी होतो आणि घनफळ १३,८२४ पटींनी. मूळ गाडीचे वजन सुमारे १,०८० किलो होते. प्रत्येक भाग त्याच धातूचा आणि त्याच प्रमाणात केला, तर प्रतिकृतीचे वजन अवघे ७८ ग्रॅम होईल. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगावे. बहुतेक जण १,०८० ला २४ ने भागून ४५ किलो सांगतील, आणि साडेसतरा सेंटिमीटरची वस्तू ४५ किलोची कशी असेल, हा प्रश्न वर्गात आपोआप उठेल.

आता गाडीच्या पत्र्याकडे वळू. मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. २४ ने भागले की ०.०३३ मिलिमीटर उरतात. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे हा पत्रा कागदाच्याही एक तृतीयांश. इतके पातळ प्लॅस्टिक साच्यातून काढता येत नाही. दोनशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात सोडतात. फट फार चिंचोळी असेल तर ते टोकापर्यंत पोचण्याआधीच थिजते. शिवाय तो भाग माणसाच्या बोटांनी उचलायचा असतो, आणि बोटे काही १:२४ झालेली नसतात. म्हणून संचातल्या गाडीची भिंत साधारण एक मिलिमीटरची ठेवतात. मूळ आकारात ती २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच होईल. असा पत्रा मोटारीला नव्हे, रणगाड्याला शोभेल!

नंदीच्या पायाचे उत्तर यातच आहे. नंदी लहान झाला, पण त्याला ओढणाऱ्या मुलाचा हिसका लहान झाला नाही. लाकडाचे तंतूही मूळ आकाराचेच राहिले. निसर्ग मात्र नेमके उलटे करतो. लहान प्राण्याचे पाय अंगाच्या मानाने बारीक असतात, हरणाचे पाहा आणि गव्याचे पाहा. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले. वजन घनाने वाढते, हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गानेच वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याला प्रमाणाबाहेर जाड हाडे लागतात.

प्रमाण ठरवण्यामागे दर वेळी गणितच असते असेही नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात इतका तो मोठा केला, आणि मोजल्यावर प्रमाण निघाले १:३५. पुढे रणगाड्यांच्या संचांसाठी तेच जगभर रूढ झाले. याच कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ चा १:१२ संच काढला. त्यासाठी तिने एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती.

हे संच जोडण्याचे रसायनही वर्गात सांगण्याजोगे आहे. फेव्हिकोल लाकडाच्या छिद्रांत शिरून सुकते आणि पकड घेते. पॉलिस्टायरीनचा डिंक तसे करत नाही. त्यातला द्रावक दोन्ही कडा विरघळवतो, दोन्हीकडच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. ही एक प्रकारे उष्णतेशिवाय केलेली वेल्डिंगच. थर्मोकोल हे फुगवलेले पॉलिस्टायरीनच असते. त्याच्या तुकड्यावर अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे दोन थेंब टाकले की तो खचत जातो. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या खिडकीशी आणि ज्योतीपासून दूर करावा.

आपल्या शाळांत असे संच कुठून येणार? त्यांची गरजही नाही. बांबूच्या कामट्या आणि गावातली बंडी एवढे पुरते. शंकरपटाचा हलका छकडा मिळाला तर अधिक चांगले. झाडीपट्टीची स्पोर्ट्स मोटार तीच म्हणायची. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. मुलांनी टेप घेऊन चाक, आरे, आख, जू, सारे मोजावे आणि १:१० ने भागून कागदावर काढावे. चाकाचा व्यास सव्वा मीटर असेल तर प्रतिकृतीत साडेबारा सेंटिमीटर. खरी करमणूक पुढे आहे. दोन सेंटिमीटर जाडीची पट्टी दोन मिलिमीटरची होते, आणि कामटी हिरव्या सालीकडची घेतली की आतली घेतली यावर तिची ताकद बदलते, कारण बांबूचे तंतू सालीजवळ दाट असतात.

विज्ञान प्रदर्शनांत एक चूक फार दिसते. बांबूच्या १:१० पुलावर वीट ठेवतात, आणि प्रतिकृतीने १० किलो पेलले तर खरा पूल त्याच्या हजारपट, म्हणजे १० टन पेलेल असे मूल ठणकावून सांगते. परीक्षकही मान डोलावतात. ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून ती शंभरपटच वाढेल. १० किलोचे १,००० किलो झाले, म्हणजे एक टन. त्यातूनही पुलाचे स्वतःचे वजन वजा करायचे, आणि ते मात्र हजारपट वाढलेले असते. दहा टनांचा भरवसा धरून एक टनाच्या पुलावर ट्रॅक्टर घातला तर काय होईल, हे गडचिरोलीच्या मुलांना वेगळे सांगायला नको. नाल्यांवरचे पूल हा त्यांच्या पावसाळ्यातला रोजचा प्रश्न असतो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की पलीकडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आल्या आहेत.

काळाचे काय? ७५ सेंटिमीटर उंच टेबलावरून आपली १:२४ मोटार पडली तर ती ०.३९ सेकंदात जमिनीवर येते. तिच्या जगात ही उंची १८ मीटर, आणि खरी गाडी १८ मीटरवरून पडायला १.९२ सेकंद लागतात. गुणोत्तर निघते ४.९, म्हणजे २४ चे वर्गमूळ. गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही, म्हणून प्रतिकृतीचा काळ असा घाईने पळतो. सिनेमात लहान प्रतिकृतीचा अपघात खरा वाटावा म्हणून कॅमेरा वेगाने चालवून चित्रण करतात, त्याचे कारण हेच.

जहाजांच्या प्रतिकृतींसाठी हा वर्गमुळाचा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १९ व्या शतकात वापरात आणला. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ सालची, नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या मोठाल्या प्रतिकृतींवर त्याच नियमाने काम चालत आले आहे. तिथे आणखी एक अडचण येते. समजा, नदी ३०० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. १:३०० ने ती एक मीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल होईल. इतक्या उथळ पाण्यात पृष्ठताण आणि तळाचे घर्षण यांचाच अंमल चालतो, नदीचे वागणे दिसत नाही. पाण्याचे रेणू काही लहान झालेले नसतात. म्हणून अशा प्रतिकृतींत पुष्कळदा खोलीसाठी वेगळे प्रमाण घेतात. आपल्या उदाहरणात १:५० घेतले तर खोली सहा सेंटिमीटर मिळेल. शाळेत गावच्या नदीची प्रतिकृती केली तर फलकावर दोन्ही प्रमाणे लिहावीत, आडवे १:३०० आणि उभे १:५०. काठाचा उतार त्यामुळे सहापट तीव्र दिसेल, तेही शेजारी लिहावे.