मोटारीतील इंधनदर्शक काटा बिघडल्यास दोष कुठे शोधावा?

ग्रेटर नोइडा ते आग्रा हा १६५ किलोमीटर लांबीचा यमुना द्रुतगती मार्ग ऑगस्ट २०१२ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. हिवाळ्यात दाट धुक्यामुळे या मार्गावरील वेगमर्यादा कमी करण्यात येते. अशा पहाटे पेट्रोल संपून मोटार मध्येच थांबली, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. मागून येणाऱ्या चालकाला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. यात नेहमी चालकाचीच हयगय असते असेही नाही. समोरचा काटा पाव टाकी पेट्रोल शिल्लक असल्याचे दाखवत असतानाही टाकी कोरडी पडलेली असू शकते.

दिल्ली आणि परिसरात या बिघाडाला सीएनजीचीही जोड मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी राजधानीतील बसगाड्या टप्प्याटप्प्याने सीएनजीवर चालवण्याचा आदेश दिला. त्यानंतर गॅस पंपांचे जाळे वाढत गेले आणि खासगी मोटारीही या इंधनाकडे वळल्या. अशा बहुतेक मोटारी पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्याच वेळात गॅसवर जातात. परिणामी टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्महिने पडून राहते आणि आतील फ्लोट एकाच पातळीवर थबकून राहतो. तो तेथेच अडकला, तरी मालकाच्या ते लक्षात येत नाही, कारण त्याची नजर गॅसच्या दिव्यांवर असते. गॅस संपल्यावरच या काट्याची खरी परीक्षा होते.

गॅसचा दर्शक पातळी नव्हे, तर दाब मोजतो. सिलिंडर सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. भरताना गॅस तापतो आणि नंतर निवल्यावर दाब उतरतो. त्यामुळे जानेवारीच्या सकाळी एखादा दिवा कमी दिसला, तर तो बिघाड असेलच असे नाही. गॅसचा वास येत असेल, तर मात्र तपासणीत दिरंगाई नको.

पेट्रोलच्या काट्याची रचना तशी साधी आहे. टाकीतील फ्लोट एका दांड्याला जोडलेला असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर दांडा हलतो, त्याचे टोक रोधकाच्या पट्टीवर सरकते आणि बदलत्या विद्युतरोधानुसार मीटरमधील काटा वरखाली होतो. टाकीतील या भागाला मेकॅनिक ‘टँक युनिट’ म्हणतात.

तपासणीची सुरुवात टाकीपासून करू नये. तापमानाचा काटाही चुकीचे दाखवत असेल, तर दोष बहुधा मीटरच्या वीजपुरवठ्यात असतो. आधी फ्यूज पाहावा. केवळ पेट्रोलचा काटा बिघडला असल्यास टँक युनिटच्या वायरची जोडणी शोधावी. अनेक छोट्या मोटारींत ती मागील आसनाखाली असते. इग्निशन बंद ठेवून ही जोडणी सोडवावी आणि मग इग्निशन सुरू करावे. काटा एका टोकाला जायला हवा. पुन्हा इग्निशन बंद करून मीटरकडे जाणारी वायर मोटारीच्या धातूच्या सांगाड्याला जोडावी आणि काही क्षणच इग्निशन सुरू करावे. आता काटा विरुद्ध टोकाला गेल्यास मीटर आणि वायर ठीक आहेत, असे समजावे. पेट्रोलचा वास येत असेल, तर हा प्रयोग करू नये. पातळीची नोंद संगणकाद्वारे घेणाऱ्या नव्या मोटारींतही तो टाळावा. तेथे कार्यशाळेतील स्कॅनरच योग्य.

दोष टाकीच्या बाजूचा ठरला, तरी लगेच नवा भाग घेण्याची घाई नको. आधी अर्थिंगची वायर तपासावी. पावसाळ्यात मिंटो पुलाखाली साचणाऱ्या पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचतात. अशा पाण्यातून गेलेल्या मोटारीत अर्थिंगचा स्क्रू गंजू शकतो. तो पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवणे एवढ्यावरही काम भागते. हे न पाहता संपूर्ण मीटर बदलणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय.

टँक युनिट बाहेर काढल्यावर मल्टिमीटर लावून दांडा सावकाश उचलावा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तुटला, तर पट्टी झिजली आहे. फ्लोटला छिद्र पडले असेल, तर तो बुडतो आणि काटा सदैव रिकामी टाकी दाखवतो. पेट्रोलमधील गंधकानेही चांदीचे संपर्कबिंदू खराब होतात, घरातल्या चांदीच्या वाट्या काळवंडतात तसेच. मे २००४ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना आणि फ्लोरिडा येथे मूलद्रव्य स्वरूपातील गंधक मिसळलेले पेट्रोल विकले गेले आणि अनेक मोटारींचे काटे निकामी झाले. दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले.

टाकी उघडण्याचे काम मात्र घरी करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. नोइडा किंवा गुरुग्राममधील इमारतींच्या तळघरातील वाहनतळावर तर एक ठिणगीही पुरेशी ठरेल. बॅटरी सोडवून, मोकळ्या हवेत, जाणत्या कारागिराकडूनच हे काम करून घ्यावे. सुटा भाग काश्मिरी गेटच्या बाजारातून आणायचा असल्यास मॉडेल आणि उत्पादनवर्ष सांगावे, कारण रोधाचे माप गाडीगणिक वेगळे असते.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि अंतरावरून खर्चाचा अंदाज घ्यावा. सीएनजी मोटारीत ही पद्धत पेट्रोलसाठी फारशी उपयोगाची नाही. तेथे पंपावर मोजून दहा लिटर पेट्रोल घ्यावे आणि काटा किती चढतो ते पाहावे.