उकिरड्यावर पोसलेला शिकारी

दौंडहून कुरकुंभमार्गे बारामतीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडे माळ लागतात. परक्या माणसाला ते ओसाड वाटतात आणि सरकारी दप्तरांतही त्यांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच असते. प्रत्यक्षात चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, माळटिटवी, चंडोल अशा प्राणी-पक्ष्यांचे हे हक्काचे घर आहे. जवळच सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. बाकीचे वन्यजीवन अभयारण्याबाहेर, गायरानांत आणि पडीक रानांत, धनगरांच्या मेंढ्यांच्या सोबतीने जगते.

या माळावर आम्ही भल्या पहाटे दुर्बीण घेऊन बसतो तेव्हा लांडगा दिसेलच अशी खात्री नसते. कुत्री मात्र हमखास दिसतात. तीन, चार, कधी सहा-सातांची टोळी असते. त्यांच्या मागे धनगर नसतो की गळ्यात पट्टा नसतो. ससा उठला की ती धावत सुटतात, टिटवीचे घरटे सापडले तर अंडी खातात आणि चिंकाऱ्याचे पाडस एकटे गाठले तर त्याला सोडत नाहीत.

कुत्रा हा आपला सर्वांत जुना सोबती. मग तो माळावरच्या प्राण्यांना इतका जड का जावा? लांडगाही ससे आणि पाडसे खातोच की! या प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका आलेखात दडले आहे. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, भक्षक वाढले की भक्ष्य घटते, आणि मग उपासमारीने भक्षकही घटतात. लांडग्याच्या संख्येला सशांच्या संख्येचा असा लगाम असतो. कुत्र्याला हा लगाम नाही. माळावरचे ससे संपले तरी त्याचे पोट गावात भरते. पोल्ट्रीतून फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, ढाब्यांमागचे खरकटे, मेलेली जनावरे, गावाचा उकिरडा, हे सारे त्याला बारमाही मिळते. शिकार ही त्याची गरज नसून जोडधंदा आहे. भक्ष्य दुर्मीळ होत गेले तरी शिकाऱ्यांची संख्या कमी होत नाही, आणि म्हणूनच तो घातक ठरतो.

जननाचे गणितही त्याच्याच बाजूचे आहे. लांडगी व खोकड वर्षातून एकदाच वितात. कुत्री बहुधा दोनदा. त्यातच १९९० च्या दशकात गिधाडे संपत गेली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांचा घात केला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. मेलेल्या बैलाभोवती पूर्वी गिधाडे जमत, आज तिथे कुत्री जमतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. महाराष्ट्रात ती १२ लाखांहून अधिक होती.

प्रत्यक्ष शिकारीपेक्षा भीतीचा परिणाम अधिक सूक्ष्म असतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानात अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्री आणि खोकड यांचा अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. खोकडाचे खाणे म्हणजे उंदीर, किडे, बोरे. कुत्र्यांचे मुख्यतः माणसाने टाकलेले अन्न. म्हणजे दोघांत अन्नासाठी फारशी स्पर्धा नाही. तरीही आसपास कुत्रा असला की खोकड समोर ठेवलेल्या खाद्याकडे कमी वेळा येई. दोन-तीन किलो वजनाच्या प्राण्याने पाच-सहापट जड कुत्र्याला घाबरावे यात नवल नाही. पण अशा रीतीने माळाचा बराच भाग त्याला असूनही नसल्यासारखा होतो.

रोगांची गोष्ट याहून गंभीर आहे. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे विषाणुजन्य रोग लांडगा, कोल्हा, खोकड यांनाही होतात. लांडग्यांचा छोटा कळप असे रोग फार काळ जिवंत ठेवू शकत नाही. रोग कळपाबरोबरच संपतो. गावातल्या कुत्र्यांत मात्र दरवर्षी नवी पिल्ले येत राहतात, त्यामुळे विषाणूला नवे घर मिळत राहते. डिस्टेंपर मार्जार कुळालाही सोडत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले सुमारे एकतृतीयांश सिंह त्याने मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला.

आणखी एक धोका डोळ्यांना सहज दिसत नाही. कुत्रा हा शास्त्रीयदृष्ट्या लांडग्याच्याच जातीचा, ‘केनिस लुपस’. त्यांचा संकर होऊ शकतो. पुणे परिसरात निसर्गप्रेमींना वेगळ्याच रंगाचे काही ‘लांडगे’ दिसले. त्यांच्या जनुकांची तपासणी झाली आणि भारतीय लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडग्याला जोडीदार मिळेनासा झाला आणि भोवती कुत्रीच कुत्री असली, की असे घडते.

शिरूरच्या बागायती पट्ट्यात याच कहाणीचे दुसरे टोक दिसते. तिथे उसात बिबटे आहेत. बिबट्याचे आवडते खाद्य कोणते? विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. उकिरड्यावर कुत्रे पोसले जाते आणि कुत्र्यावर बिबट्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन मुले होती. या मृत्यूंना कुत्रीच कारणीभूत, असे म्हणणे अतिसुलभ होईल. पण वस्तीलगत बिबट्याला बारमाही अन्न मिळते यात शंका नाही.

मग उपाय काय? विष घालणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही मूर्खपणाचे आहे. ऑस्ट्रेलियात रानावलेल्या प्राण्यांसाठी सोडियम फ्लुओरोॲसिटेट हे विष वापरतात. तिथल्या काही वनस्पतींत याच प्रकारचे विष निसर्गतःच असते आणि त्या भागातले अनेक देशी प्राणी ते बऱ्याच प्रमाणात सोसतात. आपल्याकडे कुत्र्याला मारणारे विष लांडगा, खोकड आणि तरस यांनाही मारणार. कुत्री पकडून दूर नेऊन सोडणे हे तर दुसऱ्याच्या माळावर संकट ढकलणे झाले.

नसबंदी आवश्यक आहे, पण ती थोड्या काळात बहुसंख्य कुत्र्यांची व्हावी लागते. दहांतल्या तिघांची केली तर उरलेली सात ती भर लवकरच काढतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रे साधारणपणे पकडल्या जागीच सोडायचे असते. शहरातल्या गल्लीत हे समजण्यासारखे आहे. पण नसबंदी झालेले कुत्रेही सशामागे धावतेच, आणि रेबीजची लस डिस्टेंपरला रोखत नाही. त्यामुळे आमच्या मते माळरानालगतच्या गावांत पहिला पैसा मेलेल्या कोंबड्या आणि जनावरे खोल पुरण्यावर खर्च व्हावा, नसबंदी त्याच्या जोडीने व्हावी. धनगरांच्या राखणदार कुत्र्यांना मात्र डिस्टेंपर-पार्व्होची लस आवर्जून द्यावी, कारण लांडग्याशी त्यांचीच गाठ पडते.

गावात कुत्री किती, हे वरच्या वर्गातील मुले सहज काढू शकतील. सोबत शिक्षक असावेत आणि कुत्र्यांच्या जवळ कोणी जाऊ नये. पहिल्या दिवशी ठरलेल्या रस्त्याने फिरून दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचा दुरून फोटो काढावा. समजा २० निघाली. दोन दिवसांनी त्याच रस्त्याने पुन्हा जावे. समजा या वेळी २४ दिसली आणि त्यांतली १२ आधीच्या फोटोंत आहेत. मग एकूण संख्येचा अंदाज २० गुणिले २४ भागिले १२, म्हणजे ४०. गावाबाहेरचा मेलेल्या कोंबड्यांचा उघडा खड्डा बुजवण्याआधी एकदा आणि बुजवल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा अशी मोजणी करावी, आणि आलेले दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.